पीठ कोणतं? कणकेचं, पाठीचं की विद्यापीठाचं?



"मॅडम, माझी पीठ दुखते." नागपूरच्या वर्गात हे वाक्य नवीन नाही. "पीठ दळतात, ते दुखत नाही," असं कोणी म्हटलं की वर्ग हसतो आणि ते मूल पुढच्या वेळी बोलायचंच टाळतं. पण त्याची भाषा कच्ची नसते. घरातला बरोबर हिंदी शब्द त्याने मराठी वाक्यात ठेवलेला असतो, एवढंच. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. इथे या दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत, त्यामुळे हे होणारच.

आता हा शब्द उलगडून बघू या.

• चक्कीवरून आणतो ते पीठ संस्कृत 'पिष्ट' (दळलेलं) पासून आलं.
• हिंदीतली पीठ 'पृष्ठ' पासून आली. याच 'पृष्ठ'ची मराठीत 'पाठ' झाली. जसं 'मृत्तिका'चं मराठीत माती आणि हिंदीत मिट्टी झालं.
• विद्यापीठातलं पीठ म्हणजे आसन, स्थान. हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला.

म्हणजे दिसायला एक, पण मुळं तीन! याचा शुद्धलेखनालाही उपयोग होतो. दळलेल्या पिठाचं सामान्यरूप 'पिठात', पण 'विद्यापीठात' मात्र दीर्घच. कारण तत्सम शब्दातला दीर्घ स्वर सामान्यरूपात बदलत नाही.

असेच आणखी काही शब्द:

• नाव: 'ते नाव' (नाम), 'ती नाव' (होडी, मूळ 'नौ').
• साल: 'ती साल' केळीची, 'ते साल' म्हणजे वर्ष, हे फारसीतून आलं.
• पाव: पाव किलोमधला 'पाद' (चौथा भाग) पासून, खायचा पाव पोर्तुगीजांकडून.

काही शब्दांचं मूळ मात्र एकच असतं, अर्थ वेगळे होतात. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'सही' मूळ अरबी. हिंदीत बरोबर, मराठीत स्वाक्षरी. इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेट, जर्मनमध्ये विष. दोन्हींचं मूळ 'देणे' हेच! म्हणून हिंदीभाषक पालकांशी बोलताना "शिक्षा" हा शब्द जपून वापरा, गैरसमज होऊ शकतो.

वर्गात काय करता येईल?

१. सुटा शब्द न देता पूर्ण वाक्य द्या.
२. तो, ती की ते, हे विचारा.
३. सामान्यरूप करून घ्या: नावाचा / नावेत, सालीचा / सालात, पाठीवर / पाठात.
४. फळ्यावर 'घरचा शब्द' आणि 'शाळेचा शब्द' असे दोन रकाने करा. दोन्ही बरोबर, फक्त जागा वेगळी.

मुलाला "चूक" म्हणण्याआधी एकदा विचारा, "हा शब्द कुठला रे?" उत्तरातच अर्धा धडा सापडेल.