पोलादी बंपर, नाजूक हाडे

थार किंवा जिमनी दारात आली, की अनेकांची पुढची खरेदी ठरलेली : समोरचा पोलादी बंपर. दिसतो रुबाबदार, यात वाद नाही. मात्र कंपनीचा बंपर मुद्दामच चेपणारा असतो; चेपताना तो धडकेचा जोर शोषून घेतो. चॅसीला थेट बोल्ट केलेला जाड पोलादी बार तसा चेपत नाही. धक्का आतल्यांपर्यंत पोहोचतो, एअरबॅग उघडण्याची मिलिसेकंदांत बांधलेली वेळही चुकू शकते. समोर आलेल्या पादचाऱ्याचे तर विचारूच नका. मोठ्यांची मांडी-कंबर, लहान मुलाची छाती किंवा डोके नेमके त्याच उंचीवर येते. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना ‘बुल बार’वर कारवाई करायला सांगितले. दुकानदार ‘एअरबॅगला चालतो’ म्हणाला, तर त्याच मॉडेलवरच्या धडक-चाचणीचा अहवाल मागावा. चिखलातून ओढून काढायला लागणारा हुक या गाड्यांना कंपनीनेच दिलेला असतो.