ट्रॉलीच्या पाठीस कॅमेरा

ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना मागील फळीलगतचे चालकास काहीच दिसत नाही. आणि खळ्यावर पोरे खेळतात ती बहुधा तेथेच. याकरिता कॅमेरा घेणारांनी प्रथम त्यावरील अंक पाहावा. आयपी ६७ मधील ६ म्हणजे धुळीस पूर्ण मज्जाव व ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकाव. जोरदार फवाऱ्याने ट्रॉली धुणारांस मात्र तो पुरत नाही, आयपी ६९के घ्यावा. कॅमेरा उघडणाऱ्या फळीवर नव्हे, तर स्थिर चौकटीवर, किंचित खाली झुकवून बसवावा. बिनतारीपेक्षा तारेचाच बरा. लोखंडी साटा लहरी अडवितो. जोडखिळीपाशी तार वळणापुरती सैल ठेवून तेथे सुटणारी जोडणी द्यावी. वीज १२ व्होल्टच्या बॅटरीतून, फ्यूज घालून घ्यावी. पडद्यावर डावे-उजवे आरशाप्रमाणेच दिसते ना, हे आधी मोकळ्या रानात पडताळावे.