दुकानाचा विमा : कर्जापुरता की मालापुरता?

आपल्या समाजातील अनेक तरुण आज नोकरीची वाट न पाहता कापड दुकान, छापखाना, फर्निचर, केटरिंग अशा धंद्यांत उतरले आहेत. ही बहुधा धंद्यातील पहिलीच पिढी. मागे वडिलोपार्जित पेढी नाही की जमीनजुमला नाही. माल जळाला किंवा पुरात गेला तर सावरायला आधार कोणाचा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, अशी मागणी केली होती. १९५६ साली आयुर्विम्याचे व १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. आता खाजगी कंपन्याही आहेत. पण आपल्या घरांत विमा म्हणजे एलआयसी, एवढीच ओळख अजून आहे.

१ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी मिळते. एका ठिकाणच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला ती चालते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल यांनी इमारत, यंत्रे, फर्निचर व माल यांचे झालेले नुकसान तीत येते. घरफोडीसाठी मात्र वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. गाळा भाड्याचा असेल तर इमारत मालकाची; आपण आपला माल व फर्निचर पाहावे. इमारतीची रक्कम बांधकामाच्या खर्चावरून ठरते, जागेची किंमत त्यात धरू नये.

आम्ही बँकवाले कर्ज देताना विम्याचा आग्रह धरतो, म्हणून पुष्कळ जण तो घेतात, आणि तोही कर्जाएवढाच. खरी गोम येथेच आहे. समजा, दुकानात १० लाखांचा माल आहे, कर्ज ५ लाखांचे आणि विमाही ५ लाखांचा. आगीत ४ लाखांचा माल गेला. दुकानदाराला वाटते, ४ लाख मिळतील. पण मालाच्या निम्म्याच किमतीचा विमा असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे सुमारे २ लाख मिळते. (वरील पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, येथे ती ५० टक्के आहे.) शिवाय पॉलिसीत बँकेचे नाव असल्याने ते २ लाख आधी कर्जखात्यात जातात. दुकानदाराच्या हाती रोख काही नाही, आणि ३ लाखांचे कर्ज डोक्यावर तसेच! म्हणून विमा मालाच्या पूर्ण किमतीचा काढावा. दिवाळीपूर्वी माल वाढला तर रक्कमही वाढवून घ्यावी.

दुकान हलवले किंवा नवे गोदाम घेतले तर तो पत्ता पॉलिसीत लगेच नोंदवावा. नोंद नसलेल्या जागेतील मालाची भरपाई मागणे फार कठीण जाते. कर्ज फिटले की बँक नूतनीकरणाकडे पाहत नाही. ती तारीख मग आपणच सांभाळायची.

नुकसान झाल्यास कंपनीला ताबडतोब कळवावे. सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेला वा जळका माल फेकू नये, फोटो काढून ठेवावेत. तो स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिले मागतो. त्यांची एक प्रत घरी ठेवावी, कारण दुकानाबरोबर कागदही जळतात.