नऊ सेकंदांवरचं पुढचं स्टेशन

ताशी १०० किलोमीटरनं धावणारी गाडी ८७ पटींनी लहान केली, की तिचा वेग उरतो सेकंदाला जेमतेम ३२ सेंटिमीटर. ऐकायला मामुली. पण घरातल्या तीन मीटरच्या टेबलावर हीच गाडी नऊ-दहा सेकंदांत पुढच्या स्टेशनात शिरते. सिग्नल मागावा, समोरच्या गाडीची वाट पाहावी, तोवर प्रवासच संपलेला!

मॉडेल रेल्वेचे छांदिष्ट एकत्र जमले, की गप्पा फिरून फिरून याच पेचाशी येतात. १:८७ हे जगातलं सर्वांत लोकप्रिय प्रमाण. त्याला ‘एचओ’ म्हणतात. पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात आपण पाहतो तेही हेच. डबे, खांब, फलाटावरचा हमाल, सगळं यात बेमालूम आखडतं. अंतर मात्र आखडूनही पुरून उरतं. मुंबई-पुणे १९२ किलोमीटरचा मार्ग या मापानं दोन किलोमीटरांहून लांब होतो. नुसत्या कर्जत-लोणावळा घाटाला सव्वातीनशे मीटर लागतील.

काही गोष्टी तर आखडतच नाहीत. बोरघाटात सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे. चढ म्हणजे निव्वळ गुणोत्तर. टेबलावरही तो तेवढाच राहतो आणि चिमुकल्या इंजिनाची चाकंही तिथे खरीखुरी घसरतात. मला हे फार विलक्षण वाटतं. भारतीय गाड्यांच्या हौशींना आणखी एक प्रश्न छळतो. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे एचओत १९ मिलिमीटरांहून थोडा जास्त. बाजारात मिळणारा रूळ युरोप-अमेरिकेच्या गेजचा, साडेसोळा मिलिमीटरचा. त्या पावणेतीन मिलिमीटरांकडे काणाडोळा करायचा की नाही, यावर तासभर सहज बोलता येतं.

पण सर्वांत सुंदर तोड निघाली ती वेळेच्या पेचावर. अंतर वाढवता येत नाही, तर घड्याळच पळवायचं! अमेरिकेत एखाद्याच्या तळघरात मंडळी जमतात, भिंतीवरचं खास घड्याळ समजा सहापट वेगानं सुरू होतं आणि चार तासांत रेल्वेचा अख्खा दिवस उरकतो. दोन स्टेशनांमधले दहा सेकंद आता मिनिटभराचे होतात. वेळापत्रकाला अर्थ येतो, क्रॉसिंगला थांबावं लागतं. एकजण कंट्रोलर होतो, बाकीचे ड्रायव्हर. “मालगाडी लूपला घे, सव्वासहाची पॅसेंजर जाऊ दे,” असा हुकूम येतो. बाहेर रात्रीचे साडेआठ वाजलेले असले तरी तो सगळ्यांना पटतो. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड असतं. त्यावर ती कुठून आली, कोणत्या गिरणीला वा गोदामाला द्यायची, हे लिहिलेलं. वाघीण रिकामी असते, पण तिला जायचं ठिकाण असतं, आणि तेवढ्यानं मोठी माणसं दोन-दोन तास एकाग्र होतात.

यातूनच त्यांचा जुना, प्रेमळ वाद जन्मतो. मेन लाइनवर गाडी चालवणाऱ्याला घड्याळ वेगानं पळायला हवं असतं. यार्डात शंटिंग करणाऱ्याला ते अजिबात नको. कारण कपलिंग सोडायला, काटा फिरवायला, वाघीण मागेपुढे करायला त्याला खरे सेकंद लागतात. ते कोणत्याही प्रमाणात आखडत नाहीत. दहा खरी मिनिटं लागणारं गाडी जुळवण्याचं काम भिंतीवरच्या घड्याळात तासभराचं होतं आणि तोवर पुढची मालगाडी दाराशी उभी. यार्डवाला हाका मारतो, “अरे, जरा हळू चालवा ते घड्याळ!” मग कुणी सहापटीवरून चौपटीवर आणतं, कुणी तिपटीवर. मेन लाइनवाला थोडी कुरकुर करतो, आणि पुढच्या बैठकीला त्यालाच यार्डात बसवतात.