सेंट्रल लाइन धमनीत गेली तर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सेंट्रल लाइन ही हृदयाजवळच्या मोठ्या नीलेपर्यंत पोचवलेली नळी असते. रक्तदाब टिकवणारी औषधे किंवा तातडीचे डायलिसिस यांसाठी ती मानेतून, कॉलरबोनखालून किंवा जांघेतून बसवतात. नवी मुंबईतही वाशी, नेरूळ, कामोठ्याच्या अतिदक्षता विभागांत हे नेहमीचे काम आहे. तिन्ही जागी नीलेशेजारीच धमनी असल्याने सुई किंवा नळी चुकून धमनीत जाऊ शकते.

धमनीला सुई लागली की हलगर्जीपणा झाला, असे नातेवाइकांना वाटते. अनुभवी हातांकडूनही हे घडते. सुई बारीक असते; ती काढून काही मिनिटे नीट दाबून धरल्यास रक्तस्राव बहुधा थांबतो. खरा धोका पुढच्या पायरीत आहे. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडलेल्या पद्धतीत सुईतून तार सरकवतात, तारेवरून डायलेटरने वाट रुंद करतात आणि मग नळी घालतात. नेहमीची 7 फ्रेंच नळी सुमारे 2.3 मिमी जाड, तर डायलिसिसची 12 फ्रेंच नळी 4 मिमी. एवढे भोक धमनीला पडले की प्रकरण गंभीर होते.

रक्त लालभडक आणि उसळते असेल तरच धमनी, हा समज डॉक्टरांनाही चकवतो. रक्तदाब व ऑक्सिजन घसरलेल्या रुग्णात धमनीतले रक्त काळपट दिसते, संथ वाहते. म्हणून डायलेटर घालण्याआधी सुई शिरलेल्या रक्तवाहिनीतला दाब मोजणे हाच भरवशाचा उपाय. सोनोग्राफीने धोका बराच घटतो, संपत नाही: सुईचे टोक पडद्यावरून निसटून नीलेच्या मागच्या भिंतीतून धमनीत शिरू शकते. तार नीलेतच आहे, हेही पाहावे लागते.

सर्वांत घातक समज म्हणजे जाड नळी धमनीत गेल्याचे दिसताच ती उपसून दाबून धरावी. मानेत असे केल्यास रक्ताची गाठ वाढून श्वासनलिका दबू शकते, पक्षाघात होऊ शकतो. कॉलरबोनमागची धमनी तर बाहेरून नीट दाबताच येत नाही. रक्त छातीत साचत राहते. नळी जागेवर ठेवून रक्तवाहिनी शल्यविशारदांना तातडीने बोलावणे हा योग्य मार्ग. नळीच भोक बुजवून धरते. मग शस्त्रक्रियेने टाके घालून, आच्छादित स्टेंट बसवून किंवा भोक बंद करणाऱ्या उपकरणाने धमनी दुरुस्त करतात. ही सोय नसेल, तर नळीसह रुग्णाला ती सोय असलेल्या रुग्णालयात हलवतात.