काट्यावरचा आकडा आणि हरवलेलं फंक्शन

उसाची गाडी काट्यावर चढली की इंडिकेटरवर वजन झळकतं. तिथून ते कॉम्प्युटरकडे जातं, पण अक्षरांच्या रूपात: ‘०१८४६०’. या अक्षरांची संख्या करायची, तर प्रोग्राममध्ये त्यासाठी फंक्शन लागतं. वडगाव निंबाळकर गावाच्या शिवारात ऊस आहे, सोमेश्वरनगरचा सहकारी कारखाना जवळ आहे. इथे किलोचा अर्थ कुणाला समजावावा लागत नाही.

वजनं वाचणारा असाच एक छोटा प्रोग्राम मी ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवरून लिनक्सवर नेत होतो. कंपायलरने आधी कुरकुर केली, मग लिंकर थांबला: ‘स्ट्रटूनम’ सापडत नाही. अक्षरांची संख्या करणारं हे फंक्शन २००४ मध्ये ओपनबीएसडी ३.६ मध्ये आलं. लिनक्सवरच्या नेहमीच्या जीलिबसी लायब्ररीत ते नाही.

अशा वेळी जुनं ‘एटूआय’ फंक्शन हाताशी असतं. पण त्याला बिघडलेला मजकूर दिला, तर ते मुकाट्याने शून्य देतं. आणि रिकाम्या काट्याचं वजनही शून्यच असतं. दोन्हींतला फरक कळायला मार्ग नाही. ‘स्ट्रटूएल’ या दुसऱ्या फंक्शनला संख्यापद्धतीचा पाया शून्य सांगितला, तर सुरुवातीचं शून्य पाहून ते आकडा अष्टमान पद्धतीचा समजतं, ८ पाशी थांबतं आणि १८,४६० किलोंच्या जागी १ देतं.

‘स्ट्रटूनम’ पाया कायम दहाच धरतं. किमान आणि कमाल मर्यादा आधी विचारून घेतं. शेवटी एक जरी परकं अक्षर उरलं, तरी आकडा नाकारतं आणि कारणही सांगतं: अवैध, फार लहान, की फार मोठा.

म्हणून मी हे फंक्शन ‘स्ट्रटूएलएल’च्या आधाराने लिहून प्रोग्रामसोबत ठेवलं. यंत्रावर मूळ फंक्शन असेल तर ते घ्यायचं, नसेल तरच हे, अशी तपासणी बिल्डमध्ये घातली. ओपनएसएसएच या प्रोग्रामची ओपनबीएसडीखेरीज इतर यंत्रणांसाठीची आवृत्तीही अशीच स्वतःची प्रत बाळगते. मग चाचणी घेतली: रिकामी ओळ, ‘१८४६०केजी’, उणे पाच, वीस वेळा नऊ. चारही नाकारले गेले. ‘०१८४६०’ मात्र बरोबर १८,४६० झालं.

फंक्शनचं नाव जुळलं की लिंकर गप्प बसतो, पण काम तिथे संपत नाही. मूळ फंक्शन जे नाकारत होतं, ते बदली फंक्शननेही नाकारलं पाहिजे. पोर्टिंग, म्हणजे प्रोग्राम एका यंत्रणेवरून दुसरीवर नेण्याचं काम, करणाऱ्या प्रत्येकाने चुकीच्या आकड्यांची चाचणी आधी घ्यावी, बरोबर आकड्यांची नंतर. काट्यावरच्या आकड्यावर कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचं बिल निघणार असतं.