‘मेलोड्रामा’ शब्दाचा मूलार्थ

‘मेलोड्रामा’ हा शब्द आपल्याकडे भडक, अश्रुप्रधान नाटकास वा चित्रपटास नांवें ठेवण्याकरितां योजितात. मूळ ग्रीक पदें पाहतां ‘मेलॉस’ म्हणजे गीत व ‘ड्रामा’ म्हणजे नाट्य. भडकपणाचा त्यांत लेशही नाहीं. योगार्थ लोपून रूढार्थ कसा बळावला, हें पाहण्यास इटालियन संगीतसंशोधक एमिलिओ साला यांचा १९९५ सालचा ग्रंथ फार उपयोगी आहे. त्याच्या नांवाचा अर्थच ‘गायनावांचून ऑपेरा’ असा होतो.

इटलींत ‘मेलोड्राम्मा’ म्हणजे गाइलेला ऑपेराच. फ्रान्सांत मात्र या नांवानें निराळा प्रकार उदयास आला. रूसोचें ‘पिग्मॅलियन’ १७७० सालीं लियाँ येथें झालें. त्यांत पात्र गात नाहीं, बोलतें, व बोलण्याच्या विरामांत वाद्यें वाजतात. १७७५ त जर्मनींत बेंडा यानें ‘आरियाड्ने’ मध्यें कित्येक स्थळीं भाषण व वाद्य एकत्र आणिलें. १८०० सालीं पॅरिसांत पिक्सेरेकूर याचें ‘सेलिना’ झालें. या धर्तीच्या नाटकांत खलाचा प्रवेश व मुक्या पात्राच्या खुणा यांचा भाव वाद्यें सुचवूं लागलीं. कथानकें उत्कट असल्यामुळें नांव कथानकासच चिकटलें आणि वाद्यांचें विस्मरण झालें.

चित्रपटांतील पार्श्वसंगीताचा उगम साला यांस याच रंगभूमींत दिसतो. ऑपेरानेंही ही युक्ति घेतली होती. व्हेर्दीच्या ‘ला ट्राव्हियाटा’ त (१८५३) मरणोन्मुख व्हायोलेट्टा पत्र गात नाहीं, नुसतें वाचते. पूर्वींच्या प्रेमगीताचे सूर मात्र व्हायोलिनांवर उमटतात. शब्द पत्रांतील मजकूर सांगतात, सूर तिचें मन सांगतात. व्हिएन्नांत जन्मलेल्या मॅक्स स्टायनर याचें ‘किंग काँग’ (१९३३) चित्रपटांतील संगीत कित्येक ठिकाणीं याच रीतीनें संवादांखालून वाहतें.

संग्राहकांनीं यांतून एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. त्या पॅरिसच्या नाटकांच्या छापील प्रतींत संवाद आहेत, स्वर नाहींत. ते उरले असल्यास वादकांच्या हस्तलिखित पानांत. म्हणून कोणत्याही नाटकाचें दप्तर हातीं आलें असतां संहिता तेवढी राखून स्वरांचीं सुटीं पानें रद्दींत घालूं नयेत. तसें केल्यास अर्धें नाटक आपल्याच हातून नष्ट होईल, व उरलेल्या अर्ध्यास पुढील पिढी भडक म्हणून हंसेल, असें आम्हांस वाटतें.